पाणी तीस अंश, पण प्रवाळ?

प्रवाळ पांढरं पडल्याची बातमी आली की एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘पाणी तर तीसच अंश होतं, एवढ्यानं काय होतंय!’ बोलणाऱ्याकडे उपग्रहाचा आकडा असतो, नाहीतर पाणबुड्याच्या मनगटावरच्या घड्याळाचा. आकडे खरेच असतात, पण ते पाण्याचे. प्रवाळ पाण्यात बुडालेलं आहे, म्हणजे त्याचं तापमान पाण्याइतकंच असणार, हे कुणी तपासून पाहिलेलं नसतं.

प्रवाळ हा प्राणी. त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवालं राहतात आणि त्याचा तपकिरी-हिरवट रंग बराचसा त्यांचाच. गडद रंग ऊन शोषतो. शोषलेल्या प्रकाशाचा थोडाच भाग अन्न तयार करायला खर्च होतो, उरलेल्याची उष्णता होते. ती पाण्यात निघून जायला हवी. पण प्रवाळाला अगदी चिकटून पाण्याचा एक पातळसा, जवळजवळ न हलणारा थर असतो आणि उष्णतेला तो ओलांडावा लागतो. प्रवाह जोरात असेल तर हा थर आणखी पातळ होतो. पाणी निपचित पडलं की तो जाड होतो, आणि प्रवाळ भोवतालच्या पाण्याहून गरम होतं.

किती गरम? ऑस्ट्रेलियाच्या सागरविज्ञान संस्थेतल्या काथारिना फॅब्रिशियस यांनी २००६ साली हे मोजून प्रसिद्ध केलं. उथळ, संथ पाण्यात, कडक उन्हात गडद प्रवाळाचा पृष्ठभाग पाण्यापेक्षा दीड अंशापर्यंत जास्त तापला. फिकं प्रवाळ त्याहून कमी तापलं. ‘दीड अंश म्हणजे काय मोठंसं’ असं म्हणण्याआधी एवढं बघा: त्या जागेच्या सर्वांत गरम महिन्याच्या सरासरीपेक्षा पाणी एकच अंश जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं, तरी प्रवाळ पांढरं पडू लागतं.

जपानच्या ओकिनावात नाकामुरा आणि व्हॅन वोसिक या संशोधकांनी एकाच जातीची प्रवाळं तापलेल्या पाण्यात आणि प्रखर उजेडात ठेवली. फरक फक्त प्रवाहाचा. सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर सरकणाऱ्या पाण्यातली बरीचशी मेली, ५० ते ७० सेंटिमीटर वेगाच्या पाण्यातली तगली. तेव्हा ‘वाहतं पाणी गार असतं म्हणून वाचवतं’ हेही सोडून द्या. पाणी तेवढंच गरम असूनही नुसत्या वेगानं फरक पडला. वाहतं पाणी उष्णतेबरोबर पेशींत साचणारी घातक रसायनंही वाहून नेतं.

भरती-ओहोटीबद्दलही असाच ठाम समज आहे, की उधाणाची, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची ओहोटी सर्वांत वाईट, कारण तेव्हा प्रवाळ उघडं पडतं. उघडं पडणं वाईटच, पण किती वाजता? कोकण किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेची भरती दुपारच्या सुमारास येते. म्हणजे सर्वांत खोल ओहोटी सकाळ-संध्याकाळची, ऊन तिरपं असताना. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरती-ओहोटीच्या दिवसांत ओहोटी भर दुपारकडे सरकते आणि पाण्याला ओढही कमी असते. मालवणच्या उथळ खडकांवरच्या प्रवाळाला डोक्यावरचं ऊन आणि सुस्त पाणी एकदम मिळतं ते भांगात. मासेमारी करणाऱ्या कुणालाही या वेळा तोंडपाठ असतात. प्रवाळावर बोलणाऱ्यांनीही त्या विचारून घ्याव्यात. दुसऱ्या किनाऱ्यांवर वेळापत्रक वेगळं असतं, ते तिथलं पाहावं.

आता बाकीचे समज. पांढरं प्रवाळ म्हणजे मेलेलं प्रवाळ: नाही, शैवालं गेलेली असतात, प्राणी काही आठवडे जिवंत असतो आणि सावरूही शकतो. ढगांनी काही होत नाही: होतं, १९९८ साली फ्रेंच पॉलिनेशियाच्या सोसायटी बेटांवर ढगाळ आकाशामुळे प्रवाळं बरीच वाचली. तापलेल्या डबक्यात प्रवाळ जगतच नाही: अमेरिकन सामोआतल्या ओफू बेटावर ओहोटीच्या वेळी ३४ अंशांपुढे जाणाऱ्या डबक्यांत ती जगतात. आणि उपग्रह निरुपयोगी: मुळीच नाही, दुपारच्या उन्हानं घोळ होऊ नये म्हणून अमेरिकेच्या नोआ संस्थेची प्रवाळ-निगराणी रात्रीचीच मोजणी वापरते, आणि आठवड्यांमागून साचणारी उष्णता त्यातून नीट कळते.

हे सगळं ऐकून काही जण उलट टोकाला जातात: मग प्रवाह असला की चिंता नाही! पण प्रवाह उन्हानं चढलेली वाढीव उष्णता काढतो. भोवतालच्या पाण्यापेक्षा गार तो प्रवाळाला करू शकत नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात लक्षद्वीपभोवतीचं पाणीच तापलं होतं, आणि तिथली प्रवाळं मोठ्या प्रमाणावर पांढरी पडली.