घरगुती शिवण-विणीची भाषा : टाका, वेळ आणि श्रम

१

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील कुंभार पिंपळगाव या ग्रामनामात एक वृक्ष आहे आणि एक कारागीर आहे. कुंभार हा बारा बलुतेदारांपैकी एक. शिंप्याची गणना अलुतेदारांत होत असे. जुन्या गावगाड्याने ज्या श्रमांची दखल घेतली त्यांना नाव मिळाले आणि कमी-अधिक प्रमाणात मोबदलाही मिळाला. परंतु अशा गावांतून ज्या हातांनी फाटक्या लुगड्याला दंड घातला, मुलाच्या सदऱ्याला ठिगळ लावले आणि थंडीपूर्वी गोधडी शिवली, त्या हातांना बलुत्यातही स्थान नव्हते आणि अलुत्यातही नव्हते. हे काम स्वतंत्र धंदा नव्हे. स्वयंपाक, पाणी, शेत आणि लेकरे यांतून उरलेल्या वेळात ते होत आले आहे.

प्रस्तुत लेखात या कामाच्या मराठीचा विचार करावयाचा आहे. आमचे प्रतिपादन असे की, मराठीने या कामाची नोंद शब्दसंग्रहात अत्यंत बारकाईने केली आहे. परंतु वाक्यरचनेत मात्र तेच काम श्रम म्हणून दृष्टीआड होते. या दोन गोष्टी एकत्र पाहिल्याखेरीज या क्षेत्रातील शब्दसंकलन पुरे होणार नाही.

२

प्रथम शब्दसंग्रह पाहू. शिवणाच्या मराठी शब्दांत दोन थर ठळकपणे दिसतात. एक थर शिंप्याच्या दुकानाचा. ‘दर्जी’, ‘अस्तर’, ‘रफू’, ‘कशिदा’ हे शब्द फारसीच्या द्वारे आले. गुंडी अडकविण्याच्या छिद्रासाठी आपण वापरतो तो ‘काज’ हा शब्द पोर्तुगीज ‘काझा’, म्हणजे घर, या शब्दापासून आलेला; ‘फीत’ आणि ‘इस्त्री’ हेही पोर्तुगीजांकडूनच आले. पुढे इंग्रजी अमदानीत ‘मशीन’, ‘कटिंग’, ‘कॉलर’ यांची भर पडली. धंदा जसा बदलला, नवे कपडे व नवी साधने जशी आली, तशी त्याची परिभाषाही बदलत गेली.

दुसरा थर घराचा. ‘सुई’ हा ‘सूची’पासून, ‘दोरा’ हा ‘दवरक’पासून आणि ‘शिवणे’ हे ‘सीव्’ या धातूपासून प्राकृतातून सरळ चालत आलेले शब्द होत. टाका, धावदोरा, टीप, ठिगळ, चिंधी, धडुते, पटकूर, उसवणे, विरणे, टाचणे, सांधणे हे याच थरातील. यांतील पुष्कळ शब्द नवे वस्त्र निर्माण करण्याचे नसून जुने वस्त्र टिकविण्याचे आहेत, ही बाब लक्षणीय आहे. कापड झिजून पातळ होते तेव्हा ते ‘विरते’. शिवण सुटते तेव्हा ते ‘उसवते’. ओढले जाऊन छिद्र पडते तेव्हा ते ‘फाटते’. तिन्ही क्रियांवरील उपाय वेगळे आणि त्यांची नावेही वेगळी. उसवलेल्यास टीप पुरते, फाटलेल्यास ठिगळ लागते. लुगड्याचा मधला भाग विरला तर तो कापून टाकून राहिलेले दोन भाग एकमेकांस जोडतात. यास ‘दंड घालणे’ म्हणतात, काही ठिकाणी ‘दांड’ असाही उच्चार आहे. दंड घालूनही लुगडे नेसण्याजोगे राहिले नाही म्हणजे ते गोधडीत जाते. वस्त्राच्या आयुष्यातील प्रत्येक अवस्थेला अशा रीतीने आपापला शब्द आहे.

३

या घरगुती परिभाषेचे मूलमान ‘टाका’ हे होय. शिंपी आपले काम नगांत मोजतो: दोन सदरे, एक परकर. घरात मात्र ‘जरा चार टाके घालून दे’ असे म्हटले जाते. येथे ‘चार’ ही संख्या नसून अल्पत्वाची खूण आहे. टाका हे असे मान आहे की तो पुरा झाल्यावर काम कोठेही थांबविता येते आणि पुन्हा तेथूनच सुरू करता येते. चुलीवरील भाकरी अर्धवट सोडता येत नाही, धावदोरा येतो.

गोधडी किंवा वाकळ हे याचे उत्तम उदाहरण होय. जुने लुगडे अंथरून त्यावर चिंध्यांचे थर पसरतात, वरून दुसरे लुगडे घालतात, कडा दुमडतात आणि धावदोऱ्याच्या ओळींनी सर्व थर एकत्र बांधतात. प्रत्येक ओळ स्वयंपूर्ण असते. सुई कापडात खोचून, घडी घालून गोधडी आठ दिवस बाजूला ठेवली तरी बिघडत नाही. धनगरी लोकरीची घोंगडी मागावर विणली जाते. तिला माग आणि सलग बैठक लागते. गोधडीला केवळ सुई लागते आणि तुटक वेळ चालतो. बंगालमधील ‘कांथा’ आणि कन्नड प्रदेशातील ‘कौदी’ यांची घडणही तत्त्वतः अशीच आहे.

विणकामातही टाकाच मूलमान राहिला आहे. मराठीत ‘विणणे’ हे क्रियापद फार व्यापक आहे. साळी कापड विणतो, कोळी जाळे विणतो, बाज विणली जाते, टोपली विणली जाते. दोन सुयांवरील लोकरीचे काम नंतर प्रचारात आले तेव्हा मराठीने त्यासाठी निराळे क्रियापद घडविले नाही. स्वेटरही ‘विणला’च जातो. मात्र घटकाचे नाव तिने शिवणातून घेतले: सुलट टाका, उलट टाका. क्रोशाच्या कामात साखळी, खांब, मुका खांब असे बोलके शब्द रूढ झाले. या कलांच्या प्रसारात शाळांचा व स्त्रीसंस्थांचा वाटा मोठा आहे. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ साली सुरू झालेल्या पुण्याच्या सेवासदनात शिवणकामाचे शिक्षण दिले जाई. ‘शिवणकाम’, ‘विणकाम’, ‘भरतकाम’ ही ‘काम’-युक्त नामे वर्गाच्या वेळापत्रकात शोभतात. घरातील बोलण्यात मात्र नामापेक्षा क्रियापदच अधिक येते आणि तेथेच खरा प्रश्न उपस्थित होतो.

४

घरगुती शिवणाविषयीची वाक्ये पाहावीत. ‘बसल्या बसल्या चार टाके घातले.’ ‘हातासरशी गुंडी लावून टाकली.’ ‘डाळ शिजेपर्यंत टीप घालून झाली.’ ‘लेकरू झोपले तेवढ्यात दोन ओळी झाल्या.’ या सर्व वाक्यांत मुख्य क्रियापद शिवण्याचेच आहे. परंतु काळ मात्र दुसऱ्या क्रियेकडून उसना घेतलेला आहे. वेळ डाळीचा आहे, लेकराच्या झोपेचा आहे, बसण्याचा आहे. शिवण्याला स्वतःचा असा वेळच नाही.

‘-त बसणे’ या रचनेचा विचारही येथे उपयुक्त ठरेल. ‘ती शिवत बसली आहे’ यात क्रियेचे सातत्य आहे. पण ‘काय शिवत बसलीस!’ असे म्हणताच त्या सातत्याला निरर्थकतेची छटा येते. ‘काय करता?’ या प्रश्नास ‘काही नाही, शिवत बसले आहे’ असे उत्तर देणारी स्त्री आपले श्रम पहिल्या दोन शब्दांतच शून्यावर आणून ठेवते.

याउलट, या श्रमाचा हेतू आणि त्याचा लाभ कोणाला हे संयुक्त क्रियापदे अचूक सांगतात. मुलीला परकर ‘शिवून दिला’ यात लाभ दुसऱ्याचा. शिंप्याकडून सदरा ‘शिवून घेतला’ यात श्रम दुसऱ्याचा. थंडीपूर्वी गोधडी ‘शिवून ठेवली’ यात पुढची तरतूद. ‘शिवून टाकली’ यात एकदाचे हातवेगळे केल्याची भावना. ‘स्वेटर विणायला घेतला आहे’ या वाक्यात तर महिनोन्‌महिने चाललेले, मध्येच थांबलेले, पण सोडून न दिलेले काम एकाच रूपात सामावले आहे.

५

हा केवळ व्याकरणाचा प्रश्न नव्हे. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळ-वापराची पाहणी केली. घरातील विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रियांचा त्यात रोजचा सरासरी वेळ २९९ मिनिटे, तर अशी कामे करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे आढळला. या पाहणीत दिवसाचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे भाग पाडले होते. एका भागात अनेक कामे झाली असल्यास दहा मिनिटे वा अधिक चाललेल्या कामांची, तीही कमाल तीन, नोंद होत असे. अशा नोंदवहीत ‘डाळ शिजेपर्यंत घातलेली टीप’ सहज निसटू शकते. जी गोष्ट बोलणारीच्या वाक्यरचनेत गौण झाली, ती मोजणाऱ्याच्या तक्त्यातही गौण होण्याचा संभव असतो.

म्हणून या क्षेत्रात शब्दसंकलन करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने ‘तुम्ही शिवणकाम करता का?’ या प्रश्नाने आरंभ करू नये. त्याचे उत्तर बहुधा ‘नाही’ असे येईल. त्याऐवजी घरातील एखादी गोधडी पुढे घ्यावी आणि तिच्यातील प्रत्येक तुकडा कोठून आला, कोणासाठी शिवला, ओळ कोठे थांबली आणि का थांबली, असे विचारावे. शब्द तर मिळतीलच. परंतु ते ज्या वाक्यांत येतील ती वाक्ये जशीच्या तशी टिपून घेणे अधिक महत्त्वाचे आहे. तयार कपडे व यंत्रावर विणलेली पांघरुणे आता खेड्यापाड्यांतही सहज मिळतात, आणि ‘दंड’सारखा शब्द लुगड्याबरोबरच वापरातून जात आहे. कोशात शब्दाचा अर्थ राहील. तो कोणत्या वेळात, कोणाच्या वेळातून उच्चारला गेला हे मात्र बोलणारीच सांगू शकते, आणि तिच्याकडे जाण्यास विलंब करणे परवडणारे नाही.