पैसे वेळेवर येतात, म्हणून मायनिंग कंपनी खरी?

‘अहो, दर महिन्याला पैसे जमा होताहेत, मग कंपनी खोटी कशी असेल?’ बिटकॉइन मायनिंगच्या कुठल्याही योजनेबद्दल शंका काढली की हे उत्तर हमखास मिळतं. ते देणारी माणसं शिकलेली, हिशेबी असतात. कंपनी बुडाल्यावर तक्रार देतानाही ‘सुरुवातीला तर नियमित मिळत होते’ असं तीच सांगतात. म्हणून हा गैरसमज नीट तपासायला हवा.

गैरसमज : ठरलेला परतावा वेळेवर मिळणं हा खरेपणाचा पुरावा आहे.

वस्तुस्थिती : मायनिंगमध्ये ठरलेला परतावा असूच शकत नाही. बिटकॉइनच्या व्यवहारांचा नवा गठ्ठा, म्हणजे ब्लॉक, साधारण दर १० मिनिटांनी तयार होतो. तो जोडण्यासाठी जगभरची यंत्रं गणिती कोडं सोडवण्याची शर्यत करतात, हेच मायनिंग, आणि त्याचं बक्षीस एकालाच मिळतं. एप्रिल २०२४ पासून हे बक्षीस ३.१२५ बिटकॉइन आहे. म्हणजे साऱ्या जगात मिळून दिवसाला सुमारे ४५० नवे बिटकॉइन निघतात. त्यात वाटेकरी वाढले की प्रत्येकाचा वाटा घटतो. दर २,०१६ ब्लॉकनंतर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, या कोड्याची काठिण्यपातळी नव्यानं ठरते. जगातली यंत्रं वाढली असतील तर ती वर जाते. दर २,१०,००० ब्लॉकनंतर, म्हणजे सुमारे चार वर्षांनी, बक्षीसच निम्मं होतं. विजेचं बिल मात्र निम्मं होत नाही. अशा धंद्यात ‘महिन्याला इतके टक्के, नक्की’ असं लिहून देणाऱ्याकडे ते पैसे येणार कुठून?

‘गेनबिटकॉइन’चंच उदाहरण घ्या. २०१५ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत बिटकॉइन गुंतवा आणि १८ महिने दरमहा १० टक्के परतावा घ्या, असं आश्वासन होतं. एकूण १८० टक्के, तेही बिटकॉइनमध्येच. ‘तेव्हा भाव चढत होता, म्हणून कंपनीला परवडत असेल,’ असं आजही कुणी म्हणतं. पण देणं रुपयांत नव्हतं! एक बिटकॉइन घेऊन १.८ परत करायचे असतील, तर भाव कितीही चढला तरी वरचे ०.८ कुठून तरी आणावेच लागतात. शिवाय ९ जुलै २०१६ ला ब्लॉकचं बक्षीस २५ वरून १२.५ बिटकॉइनवर आलं. जगातल्या प्रत्येक मायनरची नवी नाणी एका दिवसात निम्मी झाली, पण १० टक्क्यांचं आश्वासन होतं तिथंच राहिलं. एवढी एक विसंगती पाहिली असती तरी पुरे होतं.

सीबीआयच्या म्हणण्यानुसार, सुरुवातीला परतावा बिटकॉइनमध्ये मिळाला. २०१७ मध्ये नवे गुंतवणूकदार कमी झाल्यावर बिटकॉइनऐवजी ‘एमकॅप’ नावाचं, बिटकॉइनपेक्षा खूपच कमी किमतीचं नाणं हातात ठेवलं गेलं. योजनेचा प्रवर्तक अमित भारद्वाज याला पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये अटक केली. जानेवारी २०२२ मध्ये त्याचा मृत्यू झाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयनं ६० हून अधिक ठिकाणी झडती घेतली. त्यांत पुण्याबरोबर नांदेड आणि कोल्हापूरही होतं. घोटाळ्याचा अंदाज सुमारे ६,६०० कोटी रुपयांचा सांगितला जातो. अशा साखळी योजनेत माणूस आधी आपल्याच माणसांना आणतो, त्यामुळे या रकमेबरोबर किती घरांतले संबंध तुटले असतील, याचाही विचार करा.

मायनिंगच्याच नावानं पैसे घेणारं ‘एचपीझेड टोकन’ हे ॲप तर ५७,००० रुपयांवर तीन महिने रोज ४,००० रुपये देणार होतं. अंमलबजावणी संचालनालयाच्या तपासानुसार गुंतवणूकदारांना पैसे मिळाले ते एकदाच. ५७ हजारांचे तीन महिन्यांत साडेतीन लाखांहून अधिक! यंत्रं एवढं कमावत असतील, तर मालक बँकेतून कर्ज काढून स्वतःच ती चालवेल. अनोळखी लोकांना वाटा कशाला देईल?

तेव्हा ‘पैसे आले का?’ हा प्रश्न सोडा. ‘कुठून आले?’ हे विचारा. खऱ्या मायनरला नवी नाणी ब्लॉकमधून किंवा पूलकडून, म्हणजे मायनरांच्या गटाकडून, मिळतात आणि ती ब्लॉकचेनवर, म्हणजे बिटकॉइनच्या सार्वजनिक नोंदवहीत, दिसतात. ही नाणी ज्या पत्त्यावर जमा होतात, तो ब्लॉकचेनवरचा पत्ता कंपनीकडे मागा. यंत्रं कोणती, कुठं आहेत, वीजपुरवठ्याचा करार कुणाशी आणि कोणत्या दरानं, लेखापरीक्षण कुणी केलं, हेही विचारा. अमेरिकेतल्या ‘रायट’सारख्या शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या किती बिटकॉइन काढले याचे आकडे जाहीर करतात. मग तुमची कंपनी कसलं गुपित राखते आहे?

आता बाकीचे गैरसमज थोडक्यात.

‘कंपनी नोंदणीकृत आहे.’ कंपनीची नोंदणी म्हणजे लोकांकडून पैसे गोळा करण्याची परवानगी नव्हे. मायनिंग योजनेला रिझर्व्ह बँक किंवा सेबी मान्यता देत नाही. तसा कागद दाखवला तर तो खोटा समजा.

‘सरकार ३० टक्के कर घेतं, म्हणजे संरक्षण आहे.’ कर उत्पन्नावर लागतो. त्यानं बुडालेल्या पैशांची हमी मिळत नाही.

‘ॲपमध्ये कमाई रोज दिसते.’ ॲपवर आकडा कंपनीच लिहिते. एस्टोनियाच्या ‘हॅशफ्लेअर’ या कंपनीकडे बिटकॉइन मायनिंगची क्षमता दाव्याच्या एक टक्क्याहूनही कमी होती, असं अमेरिकेच्या न्याय विभागानं म्हटलं आहे. संस्थापकांनी २०२५ मध्ये गुन्हा कबूल केला.

‘यंत्रांचा व्हिडिओ पाहिला.’ व्हिडिओ दुसऱ्याच्या शेडचाही असू शकतो. यंत्रं असली तरी ती विकलेल्या करारांना पुरतात का, हा खरा प्रश्न. अमेरिकेतल्या ‘गॉ मायनर्स’ या कंपनीनं स्वतःकडे होती त्याहून कितीतरी जास्त क्षमता विकली, तिच्या प्रमुखाला २०१८ मध्ये २१ महिन्यांची शिक्षा झाली.

‘मोठी, प्रामाणिक कंपनी बुडत नाही.’ बुडते. अमेरिकेतली ‘कोअर सायंटिफिक’ ही शेअर बाजारात नोंदलेली मोठी मायनिंग कंपनी डिसेंबर २०२२ मध्ये दिवाळखोरीच्या न्यायालयात गेली होती. मायनिंगमध्ये प्रामाणिक माणसालाही तोटा होतो, म्हणूनच तोट्याची शक्यता नाकारणाऱ्यावर विश्वास ठेवता येत नाही.

पैसे आधीच अडकले असतील तर त्यात आणखी भर घालू नका. ‘आधी शुल्क भरा, मग रक्कम सोडतो’ या अटीला बळी पडू नका. पावत्या आणि संदेश जपून ठेवा. १९३० या सायबर मदत क्रमांकावर आणि पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे तक्रार करा. लाज वाटून गप्प बसू नका, तुमच्या गप्प बसण्यानं पुढचा माणूस फसतो. आणि ठरलेला परतावा कबूल करणारी मायनिंग कंपनी भेटली, तर पुढची चौकशीही करू नका. पैसे देऊ नका आणि आपल्या माणसांनाही देऊ देऊ नका.