बाळाचा उशीर आणि आपला उशीर



मूल दीड वर्षाचें झालें तरी एक शब्दहि बोलत नाहीं, म्हणून आईच्या जिवाला घोर लागतो. ती तसें बोलून दाखविते, तेव्हां घरांतील वडील मंडळी म्हणतात, "अग, ह्याचे आजोबाहि तिसऱ्या वर्षीं बोलूं लागले, उगीच मनाला लावून घेऊं नकोस." मुळशी तालुक्यांतील डोंगरकपारीच्या वाड्यांवर आणि पुणें शहरांतील सुशिक्षित घरांत हें वाक्य मीं सारख्याच खात्रीनें उच्चारलेलें ऐकलें आहे. तें मायेपोटीं आलेलें असतें, आणि पुष्कळदां खरेंहि ठरतें. परंतु जेव्हां तें खोटें ठरतें, तेव्हां त्याची किंमत बोलणाऱ्यास नव्हे, तर बाळास मोजावी लागते.

माझें सारें आयुष्य ह्याच तालुक्यांत शिक्षकाच्या नोकरींत गेलें. एका वर्षीं पहिलीच्या वर्गांत एक मुलगा सर्वांच्या मागें बसे. हांक मारली तरी मान वर करीत नसे. त्यास हट्टी आणि मंद ठरवून मी मोकळा झालों. पुढें तपासणींत कळलें, कीं त्यास जन्मापासूनच फार कमी ऐकूं येत होतें. सहा वर्षें घरच्यांनीं वाट पाहिली, आणि सातव्या वर्षीं मीं त्यास शिक्षा केली. आज मी बोलणार आहें तें त्या मुलाची आठवण ठेवून.

प्रथम धीराची गोष्ट सांगतों. सर्व मुलें एका मापानें वाढत नाहींत. जागतिक आरोग्य संघटनेनें भारतासह ५ देशांतील निरोगी बालकांची पाहणी करून २००६ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. आधाराशिवाय बसणें कोणास ४ महिन्यांच्या सुमारास साधलें, तर कोणास ९ महिन्यांनंतर. आपल्या पायांनीं चालणें कोणास ८ महिन्यांनंतर, तर कोणास १७ महिने उलटल्यावर. कांहीं मुलें तर रांगलींच नाहींत, एकदम चालूं लागलीं. म्हणून शेजारच्या बाळाशीं तुलना करून झोप घालविण्याचें कारण नाहीं. आपल्याकडील बालकांची वाढ मोजण्यासाठीं बडोद्यास प्रमिला फाटक यांनीं स्वतंत्र मोजमापें तयार केलीं. त्यांची सुधारलेली आवृत्ति १९९७ सालीं पुण्यांतच प्रसिद्ध झाली.

परंतु ह्या सवडीलाहि सीमा आहे, आणि ती प्रत्येक घरांत ठाऊक असावी. २ महिने पुरे होऊनहि बाळ माणसाकडे पाहून हंसत नाहीं; ४ महिने उलटूनहि मान धरीत नाहीं; ९ महिने झाले तरी बसत नाहीं; वर्ष होत आलें तरी नांवानें हांक मारल्यास वळत नाहीं, कीं 'बाबा', 'दादा' असे बोबडे आवाज काढीत नाहीं; दीड वर्षानंतरहि चालत नाहीं किंवा एकहि अर्थाचा शब्द बोलत नाहीं; पहिल्याच वर्षांत सदैव एकच हात पुढें करितें; ह्यांपैकीं कांहींहि दिसल्यास तज्ज्ञास दाखवावें. आलेला शब्द किंवा आलेली हालचाल बाळ गमावूं लागलें, तर एक दिवसहि थांबूं नये. बाळ दिवस भरण्यापूर्वीं जन्मलें असेल, तर पहिलीं दोन वर्षें त्याचें वय अपेक्षित प्रसूतीच्या तारखेपासून मोजावें.

एवढी घाई कशासाठीं? कारण पहिल्या दोनतीन वर्षांत मेंदू ज्या वेगानें घडतो, तो वेग पुढें राहत नाहीं. कंठग्रंथीचा रस जन्मतःच कमी असलेल्या बाळास पहिल्या कांहीं आठवड्यांतच औषध सुरू झालें, तर त्याची बुद्धि इतरांसारखी वाढते; तेंच औषध वर्षानें दिलें, तर झालेली हानि पुरती भरून येत नाहीं. टांचेच्या रक्ताच्या थेंबांवरून हा दोष ओळखतां येतो. बहिरेपणा सहा महिन्यांच्या आंत ओळखून श्रवणयंत्र व शिकवण मिळाली, तर भाषेचा मार्ग मोकळा होतो. मेंदूला इजा होऊन अंग ताठरलेल्या बाळास व्यायाम लवकर मिळाले, तर सांधे आखडण्याचें पुष्कळ अंशीं टळतें. सर्वच दोष बरे होतात असें मी म्हणत नाहीं. परंतु लवकर मिळालेली मदत निरर्थक जात नाहीं.

कमी वजनाच्या बाळांविषयीं तर पुण्याचाच दाखला आहे. येथील के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. सुधा चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८७ ते १९८९ ह्या काळांत जन्मलेल्या, २ किलोंहून कमी वजनाच्या बालकांची वाढ तीं प्रौढ होईपर्यंत तपासली. बाराव्या वर्षीं त्यांचा सरासरी बुद्ध्यंक इतरांहून कमी भरला, आणि वाचन व गणित त्यांस अधिक जड गेलें. अशीं मुलें वर्गांत मागें पडलीं, तर तो आळस समजूं नये.

मदत शोधण्यास फार दूर जावें लागत नाहीं. लस टोंचण्याच्या वेळीं डॉक्टरांपुढें शंका काढावी. आशा कार्यकर्ती तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या व पंधराव्या महिन्यांत घरीं येते, तिच्यापाशीं बोलावें. २०१३ सालीं पालघर येथें आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांत अंगणवाडींतील मुलांची वर्षांतून दोनदां तपासणी ठरविलेली आहे, आणि जिल्हापातळीवर पुढील उपचारांच्या केंद्रांची योजना आहे. मुळशीकरांस पौडचें ग्रामीण रुग्णालय ही पहिली पायरी होय.

दोन सूचना करून संपवितों. आईस दोष देऊं नका. तिला वाटणारी शंका हीच बहुधा पहिली तपासणी असते. आणि कोणीं "थोडी वाट पाहूं" असें म्हटलें, तर "कोणत्या तारखेपर्यंत?" असें विचारून ती तारीख कॅलेंडरावर लिहून ठेवा. शंका खोटी ठरली, तर एक हेलपाटा वायां जाईल, एवढेंच. खरी ठरली, तर बाळाचीं अमोल वर्षें हातीं लागतील. बाळास उशीर झाला, तर तो त्याचा अपराध नव्हे. आपण उशीर करूं नये.