खाली बसवलेला उंबरा



संयोजकांनी विषय दिला आहे, 'आम्ही दुरुस्त केलेलं घर आणि त्यातल्या आमच्या आवडीच्या गोष्टी'. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला असा विषय दिला, की 'मुळात घर म्हणजे काय' असं विचारायचा त्याला मोह होतो. तो मोह आम्ही थोडा आवरणार आहोत. आधी घर सांगतो, मग प्रश्न. आणि 'आम्ही' म्हणतो ते मोठेपणासाठी नव्हे. काम दोघांनी केलं, त्यापायी भांडलोही दोघं. इथं एकवचनात बोललो, तर घरी गेल्यावर जाब द्यावा लागेल!

घर रत्नागिरी जिल्ह्यात, संगमेश्वरच्या बाजूला. आजोबांनी बांधलेलं, जांभ्याच्या चिऱ्यांचं, कौलारू. पुढे पडवी, मग ओटी, माजघर, त्यामागे स्वयंपाकघर आणि न्हाणी. नोकरी पुण्यात झाली, त्यामुळे आमचं जाणं मे महिन्यात आंब्यांपुरतं आणि भाद्रपदात गणपतीपुरतं. आई मात्र तिथंच राहिली. निवृत्तीनंतर, 2011 साली, आम्ही तिथं मुक्कामाला गेलो तेव्हा वाशांना वाळवी लागली होती आणि आईच्या हातात वॉकर आला होता. तिचं वय तेव्हा अठ्ठ्याऐंशी.

धाकटे बंधू म्हणाले, "पाडा आणि स्लॅब टाका. कौलं दरवर्षी चाळायची, वानरांनी ती दरवर्षी फोडायची, भिंतींना ओल यायची. आणि एवढं करून राहणार कोण?" त्यांचं एकही म्हणणं खोटं नव्हतं, हे आधीच कबूल करतो. तरी आम्ही घर पाडलं नाही. 'घर पाहावं बांधून' असं आपल्याकडे म्हणतात. आमचा अनुभव असा, की बांधण्यापेक्षा दुरुस्त करून पाहावं. नव्या घरात आपण घराला सांगतो, जुन्या घरात घर आपल्याला सांगतं.

आता आवडीच्या गोष्टी. पहिली म्हणजे भिंत. फ्रान्सिस बुकानन नावाच्या इंग्रज सरकारच्या डॉक्टराने मलबारात हा दगड पाहिला आणि 1807 साली त्याला 'लॅटेराइट' हे नाव दिलं. लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणजे वीट. नाव नेमकं आहे, कारण जांभा खाणीत असताना इतका मऊ असतो, की त्याचे विटेसारखे चिरे कापता येतात. वाऱ्याउन्हात वाळला की तो कठीण होतो. पण सच्छिद्र राहतो. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस. ही भिंत पावसाळ्यात पाणी पिते आणि नंतर हळूहळू सोडते.

हे आम्हांला ठाऊक नव्हतं. पहिल्या वर्षी आतून सिमेंटचं प्लास्टर करून घेतलं. गुळगुळीत, झकास. दुसऱ्या पावसाळ्यात त्याला फुगे आले आणि दिवाळीच्या सुमारास पोपडे गळायला लागले. सिमेंटचा थर घट्ट, त्यामुळे भिंतीत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नाही. मग ते सगळं खरवडून चुन्याचा गिलावा केला. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत महिनोनमहिने मुरतो आणि पुन्हा चुनखडीसारखा होतो. तरी वाफेला वाट ठेवतो. ओल आजही येते, पण जातेही. ओल न येणारी भिंत आम्हांला मिळाली नाही. ओल जाणारी भिंत मिळाली, आणि तेवढं पुरतं.

दुसरी गोष्ट, काचेचं कौल. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने 1865 मध्ये मंगळुरात काढला आणि तिथून ही कौलं साऱ्या किनाऱ्यावर पसरली. त्याच मापाचं एखादं काचेचं कौल मध्येच बसवायची रीत आहे. आमच्या स्वयंपाकघरावर माळा नाही. तिथं दक्षिणेच्या उतारावर, जमिनीपासून बारा फुटांवर, असं एक कौल होतं. चुलीच्या धुराने ते काळं पडलं होतं. वास्तुरचनाकार असलेल्या एका स्नेह्याने तिथं मोठा झरोका सुचवला. आम्ही फक्त कौल उतरवून राखेने घासलं.

घासल्यावर कवडसा परत आला, आणि तो फिरतो हे ध्यानात आलं. आमचं गाव साधारण सतरा अंश उत्तर अक्षांशावर. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य भर दुपारी जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा कवडसा कौलाच्या सरळ खाली पडतो. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला इतका कलतो, की तोच कवडसा सुमारे दहा फूट उत्तरेला सरकतो. आईला घड्याळाचे काटे दिसेनासे झाले होते, कवडसा दिसायचा. "पाट्यापाशी आला, चहा ठेवा," म्हणायची. ऋतू बदलला की तिचा हिशेबही बदलायचा आणि चहा मात्र वेळेवर व्हायचा. मोठा झरोका केला असता तर उजेड भरपूर आला असता, वेळ कळली नसती.

आता थोडं व्हिएन्नाला जाऊ या. कारण घर बांधणाऱ्या तत्त्वज्ञाचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण तिथं आहे. लुडविग विट्गेनस्टाइन. 'ट्रॅक्टॅटस' लिहून झाल्यावर त्यांनी तत्त्वज्ञान सोडलं, खेड्यातल्या शाळांत मास्तरकी केली. मग 1926 ते 1928 या काळात बहीण मार्गारेट हिच्यासाठी व्हिएन्नात घर बांधण्यात ते गुंतले. आराखडा आधी पाउल एंगेलमान या वास्तुरचनाकाराने सुरू केला होता. विट्गेनस्टाइन आले आणि त्यांनी कामाचा ताबाच घेतला. दारांच्या मुठी, खिडक्यांचे खटके, खोल्या तापवायचे रेडिएटर, सगळं स्वतः आखलं, मिलिमीटरचाही फरक चालू दिला नाही. घर पुरं होत आल्यावर एका दालनाचं छत त्यांनी तीन सेंटिमीटर उंच करायला लावलं. प्रमाण चुकलंय म्हणून!

विद्यार्थ्यांना हे सांगताना आम्ही वर्षानुवर्षं कौतुकाने सांगितलं. विचारांची शिस्त दगडात उतरली, वगैरे. पण त्यांची दुसरी बहीण हर्मिना हिला ते घर माणसांपेक्षा देवांनी राहावं असं वाटलं होतं. आणि पुढे खुद्द विट्गेनस्टाइननीच आपल्या टिपणांत लिहून ठेवलं, की या घरात जाण आहे, शिष्टाचार आहे, पण उसळून बाहेर येणारं जीवन नाही. ही कबुली आम्हांला त्या तीन सेंटिमीटरांपेक्षा मोठी वाटते. पण तिचा अर्थ पुस्तकातून कळला नाही. तो कळला उंबऱ्यापाशी.

तिसरी आणि सर्वांत आवडीची गोष्ट तीच. ओटीवरून माजघरात जाताना फणसाच्या लाकडाचा उंबरा होता, चांगला सहा इंच उंच. उंबरा कशासाठी असतो? तो चौकट खालून बांधून ठेवतो. विंचूकाटा, केरकचरा अडवतो. आणि बाहेर कुठं संपलं, आत कुठं सुरू झालं, ते ठरवतो. हिरण्यकशिपूला मारायला नृसिंहाने हीच जागा निवडली, कारण ती घरातही नाही, बाहेरही नाही. आपल्या शास्त्रकारांचा एक न्याय आहे, 'देहलीदीपन्याय'. देहली म्हणजे उंबरा. त्यावर ठेवलेला दिवा ओटीही उजळतो आणि माजघरही. एकच शब्द वाक्यात दोन्हीकडे लागू पडतो, तेव्हा हा दाखला देतात.

तर असा हा थोर उंबरा. आणि आईचा वॉकर त्यावर अडायचा. दिवसातून दहा वेळा कुणीतरी वॉकर उचलायचा, कुणीतरी तिला धरायचं. एकदा ती पडली. नशिबाने हाड मोडलं नाही. त्या रात्री आम्ही ठरवलं, उंबरा काढायचा. सकाळी तिला सांगितलं तर म्हणाली, "उंबरा नसलेलं घर म्हणजे धर्मशाळा रे. मी गेल्यावर काढा." पासष्ट-सत्तर वर्षं रोज सकाळी तिने त्या उंबऱ्यावर हळदकुंकू वाहिलं होतं. आता तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाने काय करावं? आम्ही परंपरा विरुद्ध सोय असा वाद मनात मांडत बसलो. तोडगा सुताराने काढला. तो म्हणाला, "आजी, काढायचा नाय. खाली बसवायचा."

त्याने उंबरा अलगद सोडवला, खाली खाच खणली आणि तेच लाकूड जमिनीच्या पातळीत बसवलं. वरची बाजू नुसती रंधली. दोन दिवसांचं काम. तिसऱ्या दिवशी आईने वॉकर त्यावरून नेला, पलीकडे जाऊन थांबली, वळली आणि पुन्हा अलीकडे आली. मग म्हणाली, "हळदकुंकू आणा."

त्यानंतर ती पाच वर्षं होती. शेवटपर्यंत आपल्या पायांनी ओटीवर येत होती.

विट्गेनस्टाइननी छत तीन सेंटिमीटर वर नेलं. आमच्या सुताराने उंबरा सहा इंच खाली नेला. पहिलं माप डोळ्याला दिसलं, दुसरं पायाला कळलं. घरात आम्हांला ज्या गोष्टी आवडतात, त्यांचा हिशेब मांडला तर बहुतेक दुसऱ्या जातीच्या निघतात. कुणाच्या तरी गुडघ्यासाठी, कुणाच्या तरी अधू नजरेसाठी केलेल्या किंवा राखलेल्या. न्हाणीतला धरायचा दांडा दिसायला कुरूप आहे, पण आज आम्हां दोघांचे गुडघे त्याच्या भरवशावर आहेत.

बंधू एकदा म्हणाले, "वासे बदलले, गिलावा बदलला, उंबराही हलवला. मग आजोबांचं घर राहिलं कुठं?" प्रश्न जुना आहे. 'मिलिंदप्रश्न' या ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो, की तुझा रथ म्हणजे नेमकं काय? चाकं? आस? जू? यांतलं एकेक म्हणजे रथ नव्हे. हे सगळं ज्या रीतीने एकत्र येतं, त्याला व्यवहारात आपण रथ म्हणतो. आम्ही बंधूंना हे ऐकवलं. ते म्हणाले, "रथाचं ठीक आहे. रथात बसणार कोण, ते सांग." त्याला नागसेनाकडेही उत्तर नाही. आमची मुलं पुण्यात आणि परदेशात आहेत. आमच्यानंतर तिथं कोण राहील, हे आम्हांला सांगता येत नाही.

पण गेल्या गणपतीत आम्ही एक पाहिलं. बंधू ओटीवरून माजघरात शिरले. जमीन सपाट, तरी त्यांनी पाय उचलून टाकला. आम्हीही तसंच करतो. लहानपणी ठेचा खाल्लेला पाय विसरत नाही. त्यांच्या मागून त्यांची चार वर्षांची नात धावत आली आणि सरळ निघून गेली. तिला तिथं उंबरा आहे हे ठाऊकच नाही. मग आजोबांनी तिला बोटाने ते लाकूड दाखवलं. पाडायचं म्हणणारे हेच गृहस्थ!

तुमच्यापैकी कुणी घर बांधत किंवा दुरुस्त करत असेल, तर एक सुचवतो. नकाशा हाती घेण्याआधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाबरोबर त्याच्या चालीने एकदा सगळं घर फिरा. कुठं थांबावं लागतं, ते खडूने खुणा करून ठेवा. काम तिथून सुरू करा.

इथं थांबतो.