पेनड्राइव्ह नसला तरी चालेल : हार्ड डिस्कवरूनच नवी ऑपरेटिंग सिस्टीम कशी टाकावी

विंडोज 10 साठी मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा मोफत आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. विंडोज 11 टाकायची तर टीपीएम 2.0 ही सुरक्षा चिप लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा लागतो. त्यामुळे आपल्या घरांत आणि शाळांच्या लॅबमध्ये असलेले कितीतरी चांगले चालणारे कॉम्प्युटर एकदम "जुने" ठरले. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणतो, नवीन घ्या. पण ज्या घरात एकाच लॅपटॉपवर दोन मुलांचा अभ्यास आणि वडिलांचा हिशेब चालतो, तिथे नवीन घेणं इतकं आसान नसतं.

अशा मशीनवर लिनक्सची एखादी मोफत सिस्टीम टाकता येते. लिनक्स मिंट 2 जीबी रॅमवरही सुरू होते, 4 जीबी असेल तर काम आरामात चालतं. उर्दू आणि मराठी दोन्ही टायपिंगची सोय त्यात आहे, फक्त सेटिंगमध्ये जाऊन कीबोर्ड निवडावा लागतो. अडचण येते ती वेगळीच. डीव्हीडी ड्राइव्ह बंद पडलेला असतो, यूएसबीचं तोंड सैल झालेलं असतं, किंवा पेनड्राइव्हच हाताशी नसतो. मग सिस्टीम टाकायची कशी? उत्तर आहे, हार्ड डिस्कवरूनच. ते कसं, हे आम्ही इथे समजावून सांगत आहोत.

बटण दाबल्यावर काय होतं?

कॉम्प्युटर सुरू केला की आधी मदरबोर्डवरचा एक छोटा प्रोग्राम जागा होतो. जुन्या मशीनवर त्याला बायोस म्हणतात, नव्यांवर यूईएफआय. तो विंडोज किंवा लिनक्स ओळखत नाही. त्याचं काम एवढंच, की ठरलेल्या जागी बूटलोडर शोधायचा आणि कारभार त्याच्या हाती द्यायचा. बूटलोडर पुढे सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल, रॅममध्ये आणतो.

इन्स्टॉलर म्हणजे तरी काय? तीही एक छोटी ऑपरेटिंग सिस्टीमच असते. तिला स्वतःचा कर्नल असतो, स्वतःच्या फाइली असतात. त्या डीव्हीडीवर आहेत, पेनड्राइव्हवर आहेत की हार्ड डिस्कच्या एका कोपऱ्यात, याने मशीनला फरक पडत नाही. बूटलोडरला त्या सापडल्या म्हणजे झालं.

ही काही चोरवाट नाही. विंडोजमधून विंडोजची नवी आवृत्ती टाकताना सेटअप हेच करतो. लागणाऱ्या फाइली सी ड्राइव्हवरच्या एका लपलेल्या फोल्डरमध्ये ठेवतो, मशीन रीस्टार्ट करतो आणि पुढचं काम तिथूनच उरकतो.

शेखचिल्लीची फांदी

एक धोका मात्र नीट समजून घ्या. शेखचिल्ली ज्या फांदीवर बसला होता तीच तोडत होता, ही गोष्ट आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक आहे. हार्ड डिस्कवरून चालणाऱ्या इन्स्टॉलरला "सगळी डिस्क पुसून टाक" असं सांगणं म्हणजे तेच. ज्या भागावर तो स्वतः बसला आहे, तो भाग त्याला पुसता येत नाही. एक तर तो मध्येच अडतो, नाहीतर डिस्क अर्धवट अवस्थेत राहते. म्हणून इन्स्टॉलरसाठी वेगळा भाग आणि नव्या सिस्टीमसाठी वेगळी जागा, ही वाटणी आधीच करून ठेवायची.

आधीची तयारी

पहिलं काम बॅकअपचं. मुलांच्या मार्कशीट, निकाहनाम्याचे स्कॅन, जमिनीचे उतारे, मरहूम बुजुर्गांचे फोटो, हे सगळं दुसऱ्या डिस्कवर किंवा दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. उतरवल्यावर दोन-चार फाइली उघडूनही पाहा. बॅकअप झाला नसेल तर इथेच थांबा.

दुसरं, बिटलॉकर. काही लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद केलेली असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. तसं असेल तर 48 अंकी रिकव्हरी की आधी कागदावर लिहून ठेवा, कारण बूटच्या सेटिंगला हात लावला की मशीन ती मागू शकतं.

तिसरं, विंडोजच्या पॉवर सेटिंगमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असेल तर शटडाउननंतरही विंडोज अर्धवट झोपलेलंच राहतं आणि त्याचा ड्राइव्ह दुसऱ्या सिस्टीमला नीट वापरता येत नाही.

चौथं, विंडोजच्या सर्चमध्ये सिस्टीम इन्फर्मेशन उघडून "बायोस मोड" या ओळीसमोर काय लिहिलंय ते पाहा. तिथे यूईएफआय असेल तर खालची रीत लागू पडते. लेगसी असेल तर ती तशीच चालणार नाही. तिथे कुणाकडून तरी पेनड्राइव्ह मागून आणणं जास्त सोपं.

प्रत्यक्ष कृती

1. सिस्टीमची आयएसओ फाइल तिच्या अधिकृत साइटवरूनच घ्या. मिंटची फाइल 3 जीबीच्या आसपास असते. साइटवर दिलेला 64 अक्षरांचा शा-256 आकडा आपल्या फाइलशी जुळतो का ते तपासा. एक अक्षर जरी वेगळं निघालं तरी फाइल पुन्हा उतरवा.

2. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन सी ड्राइव्ह "श्रिंक" करा. 6 जीबीचा एक छोटा भाग करून तो फॅट32 मध्ये फॉरमॅट करा. फॅट32 च का? कारण यूईएफआयला तीच फाइल सिस्टीम हमखास वाचता येते. फॅट32 वर 4 जीबीपेक्षा मोठी एकच फाइल मावत नाही, पण मिंटला त्याची अडचण येत नाही.

3. नव्या सिस्टीमसाठी आणखी 40-50 जीबी जागा श्रिंक करून मोकळी सोडा. ती फॉरमॅट करू नका.

4. आयएसओ फाइलवर डबल क्लिक करा, ती एखाद्या सीडीसारखी उघडेल. आतलं सगळं, लपलेल्या फोल्डरांसकट, त्या 6 जीबीच्या भागात कॉपी करा. आयएसओ फाइल नुसती उचलून तिथे ठेवली तर मशीन सुरू होणार नाही.

5. रीस्टार्ट करताना बूट मेनू उघडा. डेलवर बहुधा एफ12, एचपीवर एफ9. यादीत नवा भाग दिसला तर तो निवडा. काही मशीन तो आपणहून दाखवत नाहीत, पण फाइल निवडून बूट करण्याची सोय देतात. तिथून त्या भागातल्या ईएफआय फोल्डरमध्ये, मग बूट फोल्डरमध्ये जाऊन "बूटएक्स64" नावाची फाइल दाखवा. हेही जमलं नाही तर बूटलोडरमध्ये नवी नोंद घालावी लागते. ते काम जाणकाराला सोबत घेऊनच करा.

ज्यांच्या मशीनवर लिनक्स आधीच आहे, त्यांचं काम आणखी हलकं. तिथे ग्रब नावाचा बूटलोडर असतो. ग्रबला आयएसओ न फोडताच तिच्या आत डोकावता येतं, याला लूपबॅक म्हणतात. ग्रबच्या फाइलीत तीन गोष्टी लिहायच्या : आयएसओ कुठे आहे, आतला कर्नल कोणता, आणि सुरुवातीच्या फाइलींचा गठ्ठा, म्हणजे इनिटआरडी, कोणता.

इन्स्टॉल करताना

आधी सिस्टीम न टाकता नुसती चालवून पाहा. वायफाय, आवाज, कीबोर्ड ठीक असेल तरच पुढे जा. मग "इरेझ डिस्क" हा पर्याय चुकूनही निवडू नका. "समथिंग एल्स" निवडून आपण मोकळी सोडलेली जागा द्या. डिस्कचा एक भाग वापरात असल्याची सूचना आली तर घाबरू नका. तो इन्स्टॉलरचाच भाग आहे, त्याला हात लावायचा नाही. सगळं झाल्यावर नवी सिस्टीम दोन-चार वेळा नीट सुरू झाली की मग तो 6 जीबीचा भाग पुसून जागा परत घेता येते.

कुठे ही रीत नको?

डिस्कमधून कटकट आवाज येत असेल, फाइली उघडताना मशीन अडकत असेल, तर ही रीत वापरू नका. मरणाऱ्या डिस्कवर इन्स्टॉलर ठेवून त्याच डिस्कवर सिस्टीम टाकणं फुकट जातं. तिथे आधी डिस्क बदलावी. संपूर्ण डिस्क कोरी करायची असेल तरीही पेनड्राइव्हच बरा. ज्या लॅबमध्ये दहा-वीस मशीन नेटवर्कने जोडलेली आहेत, तिथे मात्र या रीतीचा मोठा फायदा. फाइली एकदा उतरवायच्या आणि नेटवर्कवरून सगळीकडे पोचवायच्या.

दहावी-बारावीची मुलं हे काम शिकू शकतात. त्यांना शेजारी बसवा आणि प्रत्येक पायरीला "आता काय होणार?" असं विचारा. बॅकअप तपासण्याची जिम्मेदारी मात्र घरातल्या मोठ्यांनी स्वतःकडे ठेवावी.