राख कुठे गेली?

आपल्या दगडी कोळशात तीस ते पंचेचाळीस टक्के राख असते. दहा टन कोळसा जाळला की तीन-चार टन राख उरतेच. परळीला १९७१ साली औष्णिक वीज तयार होऊ लागली, पुढे कोराडी आणि चंद्रपूर आले, आणि प्रत्येक ठिकाणी राखेची वाट एकच होती: पाण्यात कालवायची आणि तलावात सोडायची. उन्हाळ्यात तलाव सुकला की ती उडून वाळत घातलेल्या कपड्यांवर, पिकांवर, पाण्याच्या हंड्यांत बसे.

केंद्राने १९९४ मध्ये फ्लाय अॅश मिशन हाती घेतले, तरी १९९६-९७ मध्ये देशात निघालेल्या सुमारे ६.९ कोटी टन राखेपैकी दहा टक्केही कामी आली नव्हती. खरे वळण आले ते १४ सप्टेंबर १९९९ च्या अधिसूचनेने. वीजकेंद्रापासून पन्नास किलोमीटरच्या आतल्या वीटभट्ट्यांनी मातीत किमान पाव हिस्सा राख मिसळावी आणि केंद्रांनी ती दहा वर्षे फुकट द्यावी, असे तीत होते. हे अंतर २००३ मध्ये शंभर किलोमीटर झाले आणि २०१६ मध्ये तीनशे.

गवंड्यांना मात्र राखेची करडी वीट आणि 'राखेचे सिमेंट' बरीच वर्षे पटले नाही. त्यांची शंका अगदीच निराधार नव्हती. सिमेंट पाण्याशी संयोग पावताना जो चुना सुटतो, त्याच्याशी राखेतली सिलिका सावकाश जुळते. त्यामुळे ताकद उशिरा येते आणि पाणी जास्त दिवस मारावे लागते. पण एकदा जुळले की काँक्रीट घट्ट होते, आणि मुरताना तापतेही कमी. धरणासारख्या अजस्र कामात हा गुण सोन्याचा. अकोले तालुक्यातल्या घाटघरला रोलरने दाबलेल्या काँक्रीटची देशातली पहिली धरणे उभी राहिली, तेव्हा त्यांत सिमेंटपेक्षा राखच जास्त होती. आज बाजारात सर्वाधिक खपणारे पीपीसी सिमेंटही राख मिसळलेलेच असते. शिवाय राख, चुना आणि जिप्समची दाबून केलेली वीट भाजावी लागत नाही. शेतातली वरची माती वाचते, भट्टीचे जळणही वाचते.

सरकारी हिशेबाने २०२१-२२ मध्ये सुमारे २७ कोटी टन राखेपैकी ९६ टक्के वापरली गेली. पुढच्याच जुलैत, मुसळधार पावसात, कोराडीजवळ खसाळ्याच्या राख तलावाचा बांध फुटला आणि राखेचा चिखल शेतांत, नदीत गेला. वर्षाचा आकडा कितीही चढला तरी आधीच्या दशकांत साचलेली राख तिथेच होती.

आणि त्या ९६ टक्क्यांत सखल जमिनी आणि खाणींचे खड्डे भरण्यासाठी ओतलेली राखही धरलेली आहे. सिमेंटमध्ये बांधली गेलेली राख पुन्हा उडत नाही, खड्ड्यातली पाझरू शकते. या दोन्हींना एकाच शब्दाने 'वापर' म्हणणे चूक आहे. भराव या टक्केवारीतून वगळावा.