एसएसडी जपायची ती नेमकी कशापासून?

जुन्या संगणकात नवा जीव आणायचा तर बोरीवलीकर आजही लोकल पकडून ग्रँट रोडला उतरतो आणि लॅमिंग्टन रोड गाठतो. या रस्त्याला डॉ. दादासाहेब भडकमकर यांचं नाव देऊन काळ लोटला, तरी संगणकाच्या सुट्या भागांचा बाजार जुन्याच नावाने ओळखला जातो. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली की रखडणारा डेस्कटॉप अर्ध्या मिनिटात सुरू होतो. मग कुणीतरी बजावतं, 'यावर फार लिहू नका हं, झिजते.' हा सल्ला अर्धाच खरा आहे, आणि तेवढाच पाळला तर नुकसान होतं.

झीज होते, हे खरं. फ्लॅश मेमरी ही तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांची देणगी. आपल्या एसएसडीत असते ती नँड जात १९८७ मध्ये जगापुढे आली. तिच्या प्रत्येक सूक्ष्म पेशीत इलेक्ट्रॉन कोंडून ठेवलेले असतात. ते एका अतिपातळ थरातून आत-बाहेर करतात आणि प्रत्येक फेरीला तो थर किंचित दुखावतो. पेशीत एकच बिट ठेवणारी महागडी एसएलसी मेमरी अशा लाखभर फेऱ्या सोसते. घरोघरी असते ती तीन बिटांची टीएलसी साधारण एक ते तीन हजार, आणि चार बिटांची क्यूएलसी त्याहूनही कमी. मात्र ड्राइव्हमधला कंट्रोलर एकाच जागी पुन्हा पुन्हा लिहीत नाही, तो झीज सगळीकडे सारखी वाटतो.

आता हिशेब करू. सॅमसंगच्या ८७० ईव्हो या ५०० जीबीच्या ड्राइव्हला पाच वर्षं किंवा ३०० टेराबाइट लेखन, यांपैकी जे आधी संपेल तोवर वॉरंटी आहे. घरात रोज ३० जीबी लिहिलं, आणि इतकं सहसा होत नाही, तरी वर्षाला ११ टेराबाइट होतात. म्हणजे सत्तावीस वर्षं! 'टेक रिपोर्ट' या संकेतस्थळाने २०१३ ते २०१५ या काळात सहा ड्राइव्ह मरेपर्यंत लिहून पाहिले. सगळ्यांनी ७०० टेराबाइट ओलांडले आणि एक तर २,४००च्या पुढे गेला. तेव्हा पेजफाइल बंद करणं, ब्राउझरचा कॅशे दुसरीकडे हलवणं असले जुने उपाय सोडून द्या. पेजफाइल काढली तर रॅम भरताच चालू प्रोग्रॅम कोसळतात, आणि वाचवलेल्या लेखनाचा उपयोग शून्य.

जपायचं ते दुसऱ्या गोष्टींपासून. पहिली म्हणजे काठोकाठ भरलेला ड्राइव्ह. फ्लॅशमध्ये लिहिता येतं छोट्या पानावर, पण पुसावा लागतो अख्खा ब्लॉक. मोकळी जागा नसली की कंट्रोलरला तोच मजकूर पुन्हा पुन्हा इकडून तिकडे हलवावा लागतो आणि झीज वाढते. पंधरा-वीस टक्के जागा रिकामी ठेवावी. कोणत्या फाइल पुसल्या हे ड्राइव्हला कळवणारी ट्रिम आज्ञा विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून, आपोआप जाते. ती बंद करू नये. डीफ्रॅगची इथे गरज नाही.

दुसरी गोष्ट उष्णता. एम.२ प्रकारचा ड्राइव्ह बऱ्याचदा ग्राफिक्स कार्डाखाली दडलेला असतो. मे महिन्यातली खोली आणि पुनर्विकासाच्या कामांची धूळ यांनी पंखे तुंबले की तो तापतो आणि स्वतःचा वेग उतरवतो. कॅबिनेट वेळोवेळी उघडून झाडावं. हीटसिंक बसवताना खालच्या थर्मल पॅडवरचं प्लॅस्टिक सोलायला विसरू नये.

तिसरी, अचानक जाणारी वीज. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी मुंबईचं वीज-ग्रिड कोसळलं, लोकल जागच्या जागी थांबल्या. त्या घटकेला ज्यांचे संगणक काही लिहीत होते, त्यांच्या ड्राइव्हवर खरं संकट होतं. कोणता मजकूर कुठे आहे याचा नकाशा कंट्रोलर सतत बदलत असतो, आणि घरगुती ड्राइव्हमध्ये तो नकाशा वाचवायला पुरेशी राखीव वीज सहसा नसते. डेस्कटॉपला साधा यूपीएस हवाच. आणि संगणक पूर्ण बंद होण्याआधी भिंतीवरचं बटण दाबू नये.

फर्मवेअरही पाहावं. २०१९ मध्ये एचपीईच्या काही सर्व्हर-एसएसडी ३२,७६८ तास चालल्या की कायमच्या बंद पडतील असा दोष उघड झाला. उपाय एकच होता, वेळेत अपडेट.

मुलांकडे परदेशी जाताना फ्लॅट बंद राहतो, तेव्हा फोटोंची एकमेव प्रत एसएसडीवर ठेवू नका. लेखनाची मर्यादा संपलेल्या घरगुती ड्राइव्हने विजेविना ३० अंशांत वर्षभर माहिती धरावी, इतकीच जेडेक या मानकं ठरवणाऱ्या संस्थेची अपेक्षा आहे. नवा ड्राइव्ह बराच जास्त काळ टिकवतो, पण उन्हाने तापलेल्या कपाटात ही मुदत घटते.

क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्रॅम ड्राइव्हची तब्येत आणि एकूण लेखन दाखवतो. पण आकडा उत्तम असतानाही कंट्रोलर दगावू शकतो. हार्ड डिस्क निदान खरखरते, एसएसडी आवाजही करत नाही. ट्रिममुळे पुसलेलं परत मिळवणंही जवळपास अशक्य. म्हणून नवी एसएसडी बसवून घेताना काढलेली हार्ड डिस्क दुकानात सोडू नका. त्याच प्रोग्रॅमने तपासा, धडधाकट असेल तर यूएसबी केसमध्ये घाला आणि घरच्या फोटोंची पहिली प्रत त्याच संध्याकाळी तिच्यावर काढा.